स्वप्न ऐकायला बसताना

"स्वप्नात साप दिसला, म्हणजे काय हो?" बहुतेक माणसं एवढाच प्रश्न घेऊन येतात. फोनवरच विचारतात, आणि एका वाक्यात उत्तर मिळेल असं धरून चालतात. स्वप्नफलाच्या पुस्तिकांनी तशी सवयच लावून ठेवली आहे. स्वप्नं ऐकण्याच्या व्यवसायात पडायचं असेल, तर त्या एका वाक्याचा मोह आधी सोडावा लागतो. "कुठे दिसला? तुम्ही तेव्हा काय करत होतात? जाग आली तेव्हा भीती होती की दुसरंच काही?" काम इथून सुरू होतं. वारुळातला साप, गोठ्यातला साप आणि ऑफिसच्या ड्रॉवरमधला साप या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सर्पमित्राला दिसलेला साप ही चौथी.

हे आजकालचं शहाणपण नव्हे. दुसऱ्या शतकातल्या आर्टेमिडोरस या ग्रीक स्वप्नपाठकाने या धंद्यासाठीच पाच भागांचा ग्रंथ लिहिला, त्यातले शेवटचे दोन स्वतःच्या मुलाला उद्देशून. त्याचा हट्ट असा, की माणसाचं वय, धंदा, प्रकृती, ऐपत आणि त्याच्या गावची रीत कळल्याशिवाय तोंड उघडू नये. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. म्हणजे पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, मनाने रचलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या बिघाडातून आलेलं. यातली पहिली पाच निष्फळ, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. दिवसा पडलेलं, फार तोकडं आणि फार लांबलेलं स्वप्नही त्याच हिशेबात. गंमत अशी, की भविष्य सांगणाऱ्याच्या दृष्टीने जी पाच टाकाऊ, तोच आपला खरा माल. मनी वसे ते स्वप्नी दिसे, त्यातलं 'मनी' शोधणं हे आपलं काम. दोषज स्वप्न डॉक्टरांकडे पाठवायचं. आणि भाविकाच्या वाटेला जायचंच नाही.

पहिला फोन: पंधरा मिनिटं

भेटीची वेळ देण्याआधी पंधरा मिनिटं फोनवर बोला. या बोलण्यात स्वप्न ऐकायचं नाही. लोक सांगायला सुरुवात करतात. "ते भेटीत सावकाश ऐकते" म्हणून थांबवा. फोनवर अर्धं सांगून झालेलं स्वप्न समोरासमोर पुन्हा सांगताना शिळं होतं, त्यात सफाई येते.

विचारायचं ते हे. रात्री किती वाजता झोपता, किती वाजता उठता? घोरता का, घरचे काय म्हणतात? झोपेत हातपाय झाडता का, कधी पलंगावरून पडलात का, शेजारच्याला लागलं का? कुठली औषधं चालू आहेत, गेल्या महिना-दोन महिन्यांत कुठलं नवीन सुरू झालं किंवा एकदम बंद झालं? दारू? हे स्वप्न पहिल्यांदा कधी पडलं, आठवड्यातून किती वेळा पडतं? आणि शेवटी, आवाज न बदलता: जगणं नकोसं वाटतं का?

औषधांचा प्रश्न लोकांना खटकतो, पण सर्वांत जास्त श्रम तोच वाचवतो. रक्तदाबासाठी दिली जाणारी प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर औषधं, दम्यासाठीचं मॉन्टेलुकास्ट, पार्किन्सनची काही औषधं, नैराश्यावरची औषधं, झोपेसाठी घेतलेलं मेलाटोनिन यांनी काही जणांना भडक किंवा भयंकर स्वप्नं पडतात. दारू रात्रीच्या पूर्वार्धात स्वप्नांची झोप दाबते आणि उत्तरार्धात ती उसळून येते. रोजची दारू किंवा नैराश्याची गोळी एकदम थांबवली की हाच प्रकार मोठ्या प्रमाणात होतो. गोळी बदलल्यावर आठवडाभरात सुरू झालेल्या स्वप्नाचा अर्थ लावत बसणं म्हणजे नळ गळतोय तिथे पाणाड्याला बोलावणं. मात्र गोळी बंद करा असं आपण कधीही सांगायचं नाही. "डॉक्टरांना एवढं विचारून या" इथे थांबायचं.

लगेच डॉक्टरांकडे पाठवायच्या काही गोष्टी पाठच असाव्यात. गुदमरण्याची, पाण्याखाली अडकल्याची स्वप्नं आणि जोडीला घोरणं, सकाळची डोकेदुखी, दिवसा पेंग: झोपेत श्वास अडकत असेल, तपासणी हवी. पन्नाशीपुढच्या माणसाचं झोपेत मारामारी करणं, ओरडणं, उठून धावणं: मज्जाविकारतज्ज्ञ. हा विकार बऱ्याचदा पार्किन्सनसारख्या आजाराच्या कित्येक वर्षं आधी दिसतो, म्हणून त्याला "वाईट स्वप्न" म्हणून घरी परत पाठवणं ही या व्यवसायातली सर्वांत महाग चूक आहे. "छातीवर कोणी तरी बसतं, डोळे उघडे असतात पण हात हलत नाही" हे बहुधा निद्रापक्षाघाताचं वर्णन असतं: मेंदू जागा झाला, पण स्वप्नाच्या झोपेत सैल पडलेले स्नायू अजून सुटले नाहीत. काही सेकंदांत, फार तर मिनिटा-दोन मिनिटांत ते संपतं. उताणं झोपू नये, झोपेच्या वेळा पाळाव्यात, एवढ्याने पुष्कळांना उतार पडतो. आणि जीव द्यावासा वाटतो असं कोणी म्हणालं, तर त्या दिवशी स्वप्न बाजूला ठेवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्या, घरचं कोणी सोबत आहे का ते विचारा, मानसोपचारतज्ज्ञाची भेट ठरेपर्यंत फोन ठेवू नका.

दोन आठवड्यांची वही

भेटीआधी चौदा दिवस वही लिहायला सांगा. शंभरपानी साधी वही आणि पेन्सिल उशाशी. मोबाइल नको, पडदा उजळला की आधी निरोप दिसतात आणि स्वप्न गेलं.

जाग आल्यावर कूस न बदलता पडून राहायचं, डोळे मिटलेलेच. आधी शेवटचं दृश्य पकडायचं, मग उलट्या दिशेने मागे जायचं. वाक्यं वर्तमानकाळात: "मी चालते आहे", "चालत होते" नव्हे. वर तारीख, झोपल्याची आणि उठल्याची वेळ, आणि शेवटी एका शब्दात भावना. काहीच आठवत नसेल तर "काही नाही, पण उदास वाटतंय" एवढं तरी लिहायचं. कोऱ्या दिवसाची ओळही मोडायची नाही. स्वप्नाला नाव द्यायला सांगा, वर्तमानपत्रातल्या मथळ्यासारखं. माणूस नाव काय देतो त्यावरूनच अर्धं कळतं.

पहाटेची स्वप्नं खरी होतात, हा समज इथेच येतो. त्यामागे साधं कारण आहे. स्वप्नांची झोप साधारण दर नव्वद मिनिटांनी येते आणि रात्र सरते तशी प्रत्येक पाळी लांबत जाते. शेवटच्या प्रहरातली सर्वांत लांब. त्यातूनच जाग येते, म्हणून तेच स्वप्न लख्ख आठवतं, आणि आठवलेलंच नंतर कुठे तरी जुळतं. मध्यरात्रीची विसरलेली स्वप्नं खोटी ठरायला उरतच नाहीत. कोणाला काहीच आठवत नसेल, तर रोजच्यापेक्षा पाऊण तास जास्त झोपायला सांगा. गजर कर्कश असेल तर बदलायला सांगा.

भेट: पंच्याहत्तर मिनिटं

पहिल्या भेटीला पंच्याहत्तर मिनिटं धरा, पुढच्यांना पन्नास. एका भेटीत एकच स्वप्न. कोणी बारा पानं घेऊन येतं, त्यांना विचारा, "यातलं कुठलं अजून अंगाला चिकटलंय?" तेच घ्या.

अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात क्लारा हिल यांनी बसवलेली पद्धत शिकायला सोपी आहे: आधी धुंडाळणं, मग उमज, मग कृती. धुंडाळण्यावर निम्म्याहून जास्त वेळ जाऊ द्या. स्वप्नातली तीन ते पाच ठळक चित्रं निवडायची आणि प्रत्येकाबाबत चार गोष्टी क्रमाने काढायच्या: नीट वर्णन, तिथे पुन्हा उभं राहून काय वाटतं ते, त्यावरून काय काय आठवतं ते, आणि सध्याच्या जगण्यात त्याचा धागा कुठे लागतो ते. क्रम मोडला की काम बिघडतं. वर्णन पुरं होण्याआधी "घरी काही ताण आहे का?" विचारलं, की माणूस स्वप्न सोडून संसाराची कैफियत मांडतो आणि वेळ संपते.

नमुन्यादाखल एक स्वप्न घेऊ. समजा, शेहेचाळीस वर्षांच्या एक शिक्षिका सांगताहेत: "माहेरच्या घरात शिरते. ओटीवर बाबा बसलेत. न्हाणीघरातला नळ चालू आहे, पाणी माजघरात आलंय. मी पोतेरं शोधते, सापडत नाही. बाबा म्हणतात, असू दे. पाणी घोट्यापर्यंत येतं आणि जाग येते."

स्वप्नफलाचं कोष्टक उघडलं असतं तर "स्वच्छ पाणी शुभ, गढूळ अशुभ" इथे मामला आटोपला असता. आपण विचारायचं: पाणी गार की कोमट? कोमट. आवाज कसला? आवाजच नाही. बाबा तुमच्याकडे बघतात का? नाही, बाहेर रस्त्याकडे बघतात. पोतेरं कुठे शोधता? न्हाणीघराच्या दाराशी, आईच्या वेळी असायचं तिथेच. पोतेऱ्यावरून काय आठवतं? "घरात कुठेही काही सांडलं की हाक मलाच." इथे घाई करायची नाही, पाचेक सेकंदं गप्प बसायचं. मग: "नळ कोणी सोडला होता?"

बाई थबकतात. "मीच असेन. मीच पाणी सोडलं." आणि मग कळतं, की महिन्यापूर्वी त्यांनी भावांच्या नावे हक्कसोड पत्रावर सही केली आहे, हसत हसत, चहा पिऊन.

'पाणी सोडणं' हा वाक्प्रचार तुम्हाला आधीच दिसलेला असतो. तरी तो तुम्ही उच्चारायचा नाही. त्यांच्या तोंडून आला तर तो त्यांचा, तुमच्या तोंडून आला तर ती तुमची हुशारी. त्या "अगदी बरोबर" म्हणून घरी जातील आणि दोन दिवसांत विसरतील. फार तर त्यांचंच वाक्य परत म्हणायचं: "पाणी सोडलं." एवढंच.

शेवटची पंधरा मिनिटं कृतीची. "हे स्वप्न पुढे चालू ठेवलं तर काय कराल?" कोणी नळ बंद करतं, कोणी बाबांच्या शेजारी जाऊन बसतं. त्यातून आठवड्याभरात जमेल असं एकच छोटं काम ठरवायचं: माळ्यावरची आपली पुस्तकं आणायची आहेत, असा भावाला फोन करणं. सही फिरवता येते का, हा प्रश्न वकिलाचा; त्यावर मत देऊ नये.

भाषा हेच मोठं कोठार

मराठीत हे काम करणाऱ्याने शब्दकोशापेक्षा वाक्प्रचारांची यादी जवळ बाळगावी. स्वप्न शब्दाला चित्र करतं. पायाखालची वाळू सरकणं, डोक्यावरून पाणी जाणं, केसाने गळा कापणं, हात टेकणं, वासे फिरणं, गळ्यात पडणं: हे सगळं जसंच्या तसं दृश्य होऊन येतं. आर्टेमिडोरसच्या ग्रंथातही असा मासला आहे. अलेक्झांडर टायर शहराला वेढा घालून बसला असताना त्याच्या स्वप्नात सॅटिर, म्हणजे ग्रीक पुराणातला अर्धा माणूस अर्धा पशू, नाचला, आणि त्याचा भविष्यवेत्ता अरिस्टँडर याने 'सॅटिर' या शब्दाची फोड करून "टायर तुझं" असं सांगितलं. ही कोटी ग्रीक भाषेतच चालते. म्हणून इंग्रजीतून आलेल्या प्रतीकांच्या याद्या मराठी माणसावर लावू नयेत. आणि स्वप्नात बोलणं कुठल्या भाषेत झालं ते जरूर विचारावं. मालवणीत वाढून मुंबईत प्रमाण मराठी बोलणाऱ्याचे वाक्प्रचार मालवणीतलेच असतात. परदेशात वाढलेल्या मुलीच्या स्वप्नात आजी इंग्रजीत बोलली, तर तेवढ्यावरच अर्धा तास निघतो.

दातांचं वेगळं सांगायला हवं, कारण त्याची धास्ती फार. दात पडला की घरातलं माणूस जातं, ही समजूत आपल्याकडे आहे तशीच आर्टेमिडोरसकडेही आहे: तोंड म्हणजे घर, उजवीकडचे दात पुरुष, डावीकडचे स्त्रिया. घाबरून आलेल्याला आधी सरळ सांगा, की स्वप्नावरून मरण कळतं याला पुरावा नाही. मग विचारा, सकाळी जबडा दुखतो का, दात शिवशिवतात का? २०१८ साली इस्रायलमधल्या एका अभ्यासात दातांच्या स्वप्नांचा संबंध मानसिक त्रासाशी लागला नाही, उठताना जाणवणाऱ्या दातांच्या ताणाशी लागला. झोपेत दात खाणाऱ्याला दंतवैद्याकडे पाठवणं हाच कित्येकदा उत्तम स्वप्नार्थ.

दुःस्वप्न

आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा तेच भयस्वप्न पडत असेल, तर अर्थाच्या मागे लागू नये, ते बदलावं. अमेरिकेतले निद्राविकारांचे डॉक्टर बॅरी क्राकोव यांनी रूढ केलेली रीत अशी. सगळ्यांत भयंकर स्वप्न पहिल्यांदा घ्यायचं नाही, मध्यम घ्यायचं. ते कागदावर थोडक्यात लिहायचं. मग हवं तसं बदलायचं. कसं बदलावं हे आपण सुचवायचं नाही. कोणी कुत्र्याला दोरी बांधतं, कोणी कुत्र्याचं मांजर करतं, कोणी फक्त दार निळं रंगवतं, आणि तेही चालतं. नवीन आवृत्ती रोज जागेपणी दहा ते वीस मिनिटं डोळ्यांसमोर आणायची, जुनी उगाळायची नाही. आठवड्यात दोनपेक्षा जास्त नवी स्वप्नं हाताळू नयेत. फसतं कुठे? माणूस बदललेलं स्वप्न घोकण्याऐवजी जुनं "नीट आठवून" बघत बसतो, आणि त्रास वाढतो. अत्याचार, अपघात, दंगल यांतून आलेली दुःस्वप्नं असतील तर हे काम आघातावर उपचार करण्याचं शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाकडेच द्या.

जिथे पाय घसरतो

"स्वप्नात जाऊबाई लिंबू टाकताना दिसल्या, त्यांनीच केलंय ना?" या प्रश्नाला होकार तर नाहीच, "असू शकेल" सुद्धा नाही. स्वप्न कोणाविरुद्धही पुरावा होत नाही. करणीचा संशय पक्का करून देणारा माणूस एक घर मोडतो, आणि महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या कचाट्यातही सापडू शकतो. त्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे, गुन्हा अजामीनपात्र. हाच नियम उलट बाजूनेही: लहानपणी काही झालं असावं, असं स्वप्नावरून आपण सुचवायचं नाही. सुचवलेली आठवण माणसाला खरीच वाटू लागते.

पितर जेवायला मागतात, कुलदेवीने दृष्टांत दिला, असं घेऊन येणारे पुष्कळ. त्यांच्याशी वाद घालू नये. तुकोबांना गुरूपदेश स्वप्नात झाला आणि बहिणाबाईंना तुकोबांचा, हे ज्या घरात नित्य म्हटलं जातं तिथे "हे सगळं मेंदूचं रसायन" म्हणणं उद्धटपणाचं आहे, शिवाय निरुपयोगी. गेलेला माणूस कसा दिसला, काय म्हणाला, त्याला काय सांगायचं राहून गेलं, हे विचारा. श्राद्ध करायचं की नाही ते घर ठरवेल. विधी, खडा, ताईत सुचवू नका, गुरुजींचा नंबर देऊ नका. त्यात कमिशन नसलं तरी आहे असंच दिसतं.

आणखी एक घसरण हळू होते. लोक तुमच्या आवडीची स्वप्नं पाहू लागतात. पाण्याच्या स्वप्नावर तुमचे डोळे चमकले, की पुढच्या आठवड्यात पाणीच पाणी. प्रत्येक चित्राला सारख्याच आवाजात प्रश्न विचारण्याचा सराव हवा, आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या जाणकारासमोर आपली टिपणं, नाव-गाव काढून, वाचून दाखवायला हवीत. जैनांच्या कल्पसूत्रात महावीरांची आई त्रिशलाराणी हिची स्वप्नं ऐकल्यावर राजाने बोलावलेले स्वप्नपाठक आधी आपसांत विचारविनिमय करतात आणि मगच बोलतात. ही रीत उचलण्यासारखी आहे.

पाटी, पैसे, टिपणं

पाटीवर काय लिहायचं? मानसशास्त्राची पदवी असेल तर तेवढीच. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. पदवी नसेल तर "स्वप्नसंवाद" किंवा असंच साधं काही लिहा. उपचार, रोगमुक्ती, हमखास हे शब्द कुठेही नकोत. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवर १९५४ पासून कायदा आहे.

त्याच कल्पसूत्रात राजा स्वप्नपाठकांना त्यांची उपजीविका चालेल एवढं दान देतो, तेव्हा पैसे घेण्यात संकोच नको. फी आधी सांगा, भेटीगणिक घ्या, आसपासच्या समुपदेशकांपेक्षा जास्त ठेवू नका. "गुण आला तर द्या" ही पद्धत घातक: गुण आला हे ठरवायला मग तुम्ही स्वप्न फळल्याची वाट बघू लागता. कोणी नारळ आणि पानसुपारी टेबलावर ठेवली, तर हसून परत द्या. ती घेतली की तुम्ही गुरुजी झालात आणि पुढचा प्रश्न मुहूर्ताचा येतो.

चार ते सहा भेटींचा करार पुरतो. पहाटे सहा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे स्वप्नांचे व्हॉइस मेसेज ऐकायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका; एकदा उत्तर दिलं की रोज येतात. रेकॉर्डिंग लेखी परवानगीशिवाय नको. भेट संपल्यावर दहा मिनिटांत टिपण करा: स्वप्न त्यांच्या शब्दांत, निवडलेली चित्रं, ठरलेलं काम. आपल्याला सुचलेला अर्थ वेगळ्या रंगाच्या शाईने, समासात. पुढच्या भेटीत समास झाकून वाचायला बसा.